वाचणाऱ्याने फक्त वाचावे

मुंबई दूरदर्शनच्या बातम्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना प्रदीप भिडे यांच्या आवाजाची ओळख करून द्यायला नको. समोर येईल तो कागद त्यांनी वर्षानुवर्षे स्वच्छ उच्चारात वाचला. संचारबंदीचा हुकूम असो, पुराचा इशारा असो की अर्थसंकल्पातील करवाढ. ते वाचत आणि आपण ऐकत असू. आता अशी कल्पना करा की, एका संध्याकाळी बातम्यांच्या गठ्ठ्यात कोणीतरी एक चिठ्ठी सरकवली: 'उठा, कार्यालयाच्या किल्ल्या घ्या आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात द्या.' आणि निवेदक बातमी अर्धवट टाकून खरोखरच उठला! आपल्याला हसू येईल. कारण वाचणे वेगळे आणि वाचलेले पाळणे वेगळे, हे शाळकरी पोरालाही कळते.

संगणकाला ते कळतेच असे नाही. बातम्या वाचण्यासाठी आणि पोचवण्यासाठी केलेल्या आज्ञावल्यांनी अशा चिठ्ठ्या मुकाट्याने पाळल्याची उदाहरणे आहेत. त्यांतील सर्वांत बोलके उदाहरण १९९७ सालचे आहे. ते आज उकरून काढण्याचे कारण असे की, बँका, सरकारी कचेऱ्या आणि आपल्या खिशातले फोन सध्या एका नव्या प्रकारच्या 'वाचका'च्या हाती किल्ल्या देण्याच्या घाईत आहेत.

चावडीची गोष्ट

वर्ल्ड वाइड वेब येण्याच्या पुष्कळ आधी संगणकांची एक चावडी अस्तित्वात होती. तिचे नाव 'यूजनेट'. १९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना ती कल्पना सुचली आणि पुढच्या वर्षी ती लोकांसमोर आली. विषयवार गट असत. एका संगणकावर कोणी मजकूर लिहिला की तो शेजारच्या संगणकाकडे जाई, तिथून त्याच्या शेजाऱ्याकडे, आणि असे करत जगभर पसरे. मधे मालक कोणी नाही, संपादक कोणी नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. त्या सुमारास परदेशातील आपली मंडळी या चावडीवर गप्पा मारत होती. 'सोक.कल्चर.इंडियन.मराठी' नावाचा एक गटच तिथे होता. देवनागरी उमटत नसे, म्हणून मराठी रोमन लिपीत लिहावी लागे.

या चावडीचा गाडा ओढणारी एक प्रमुख आज्ञावली म्हणजे 'आयएनएन'. रिच साल्झ यांनी ती लिहिली आणि १९९२ पासून ती विद्यापीठे व कंपन्यांमध्ये वापरात आली. मजकूर घ्यायचा, साठवायचा, पुढे द्यायचा, एवढेच तिचे मुख्य काम. पण गट हजारोंनी वाढू लागले, तसे नवे गट उघडणे आणि जुने बंद करणे प्रत्येक ठिकाणी हाताने करणे अवघड झाले. म्हणून एक सोय होती. काही संदेश वाचकांसाठी नसून संगणकांसाठीच असत. 'नवा गट उघडा', 'अमुक गट काढून टाका' अशा सूचना त्यांत असत. त्यांना नियंत्रण संदेश म्हणत. प्रवास मात्र ते इतर संदेशांबरोबर, त्याच वाटेने करत. पत्र आणि हुकूम एकाच थैलीत.

नियंत्रण संदेश आला की त्यातील पाठवणाऱ्याचे नाव, गटाचे नाव वगैरे तुकडे वेगळे काढून एका लहान आज्ञावलीच्या हवाली केले जात. ती ते तुकडे संगणकाच्या आज्ञाभाषेत पुन्हा एकदा वाचून घेई. गडबड इथे होती. नावाच्या जागी खरोखर नाव असेल तर काहीच बिघडत नसे. पण त्या जागी काही विशिष्ट चिन्हे घालून पुढे एखादी आज्ञा लिहिली, तर संगणक ते नाव न मानता हुकूम मानी आणि लगेच बजावी. लिहिणारा कुठल्या देशात बसला आहे, याने काही फरक पडत नसे.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात 'सर्ट' नावाचे संगणक-आपत्तीचे केंद्र आहे. १९८८ मध्ये मॉरिस नावाच्या संगणक-किड्याने हाहाकार उडवल्यावर ते स्थापन झाले. त्या केंद्राने २० फेब्रुवारी १९९७ रोजी या भगदाडाबद्दल इशारा काढला. त्यात दोन गोष्टी अशा होत्या की, माझ्यासारख्या बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला त्या वाचून घाम फुटावा.

पहिली अशी की, संस्थेभोवती संरक्षक भिंत असली तरी तिचा उपयोग नव्हता. बातम्यांना आत येऊ देण्यासाठी भिंतीला मुद्दाम दार ठेवलेले असे आणि हुकूम बातमीच्या वेषात त्याच दाराने येई. दुसरी त्याहून गंभीर. नियंत्रण संदेश पाठवणाऱ्याला तसा अधिकार आहे की नाही, हे तपासण्याची व्यवस्था आज्ञावलीत होती. सांकेतिक सहीची पडताळणी करण्याची सोयसुद्धा उपलब्ध झालेली होती. पण ही तपासणी होण्याच्या आधीच घातक आज्ञा बजावली जात असे! आधी हुकमाची तामिली, मग सहीची पडताळणी.

इशारा निघाला, दुरुस्तीही उपलब्ध झाली. तरी महिना उलटायच्या आत प्रत्यक्ष हल्ले सुरू झाले. ज्यांनी दुरुस्ती बसवली नव्हती, अशा संगणकांतील परवलीच्या शब्दांची फाइल परस्पर बाहेर पाठवणारे संदेश फिरू लागले. ते पसरवण्याचे कष्टही हल्लेखोराला घ्यावे लागले नाहीत. एक संदेश चावडीवर टाकला की, पुढचे काम ती चावडीच इमानेइतबारे करी. भरीस भर म्हणजे पहिली फट बुजवलेल्या नव्या आवृत्तीत त्याच जातीची दुसरी फट निघाली. टपाल पाठवणाऱ्या एका साहाय्यक आज्ञावलीकडे मजकूर न तपासता दिला जात होता.

तार आणि टेस्ट

हे वाचताना मला माझी एक जुनी चूक आठवली. १९८०च्या दशकातली गोष्ट. मी बँकेत नवा अधिकारी होतो. त्या काळी एका गावचे पैसे दुसऱ्या गावी तातडीने पोचवायचे तर टी.टी. करत. शाखेत तार येई: अमक्याच्या खात्यात एवढे रुपये जमा करा. तार कोणीही करू शकतो. तारघरात चार पैसे भरले की झाले. म्हणून तारेत एक अंक असे. रक्कम, तारीख, शाखा यांवरून गुप्त पुस्तकाच्या आधारे तो काढलेला असे. आमच्याकडच्या पुस्तकावरून आम्ही तो ताडून बघायचा. जुळला तर 'टेस्ट टॅली' म्हणून दोघांनी सह्या करायच्या आणि मगच व्हाउचर पास करायचे. टेस्ट जुळेपर्यंत ती तार म्हणजे केवळ एक बातमी. जुळल्यावर तो हुकूम.

दिवाळीच्या आदल्या दिवशी एक व्यापारी काउंटरशी ताटकळत उभे होते. नेहमीचे, चांगले गिऱ्हाईक. त्यांची तार आलेली होती, पण पुस्तक ज्यांच्या ताब्यात ते अधिकारी जेवायला गेले होते. मी व्हाउचर पास केले. तासाभराने टेस्ट घेतली, ती बरोबर जुळली. संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावले. 'तार खरी होती ना साहेब,' असे मी म्हणालो. ते म्हणाले, 'अहो, तार खरी असल्याचे तुम्हाला नंतर कळले. पैसे तुम्ही आधी दिलेत. उद्या खोटी येईल, तेव्हाही तुम्ही हेच करणार.' माझ्याकडून त्यांनी लेखी खुलासा घेतला. त्या वेळी राग आला होता. आज वाटते, १९९७ मध्ये जगातल्या अनेक नामांकित विद्यापीठांचे संगणक नेमके माझ्यासारखेच वागत होते, आणि त्यांना खुलासा मागायला कोणी मॅनेजर नव्हता.

चौकट ओलांडणारी अक्षरे

वर सांगितलेला प्रकार बातम्या साठवणाऱ्या मोठ्या संगणकांचा. घरच्या टेबलावर बसून त्या वाचण्यासाठी जी आज्ञावली लागे, तिला इंग्रजीत 'न्यूजरीडर' म्हणजे वृत्तवाचकच म्हणत. हा वाचक तरी निर्धोक होता का? नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजबरोबर येणारे 'आउटलुक एक्स्प्रेस' आपल्यापैकी अनेकांनी ई-मेलसाठी वापरले आहे. तेच या गटांचे वाचकही होते. जून २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यातील एका भगदाडाची जाहीर सूचना देऊन दुरुस्ती काढली. वाचकाने एखाद्या दुष्ट हेतूच्या वृत्तसंगणकाशी संपर्क साधला आणि तिकडून मुद्दाम लांबवलेले उत्तर आले, तर ते उत्तर पाठवणारा वाचकाच्याच संगणकाचा ताबा घेऊ शकत होता.

केवळ लांबीने ताबा कसा जातो, हे समजायला बँकेतला कोणताही छापील फॉर्म डोळ्यांपुढे आणा. वरच्या बाजूला ग्राहकाने नाव लिहायच्या चौकटी. खाली एक पट्टा: 'केवळ कार्यालयीन उपयोगासाठी.' ग्राहकाचे नाव इतके लांब निघाले की चौकटी संपल्या आणि अक्षरे ओघळत खालच्या पट्ट्यात गेली. तिथे लिहिले गेले, 'रक्कम अदा करावी.' कारकून माणूस असेल तर म्हणेल, हे अक्षर ग्राहकाचे आहे, आपल्या साहेबांचे नाही. संगणकाला अक्षर ओळखता येत नाही. जागा कार्यालयाची, म्हणजे मजकूरही कार्यालयाचा, असे तो धरून चालतो. उपाय अगदी साधा आहे. चौकटीत मावेल एवढाच मजकूर आहे ना, हे उतरवून घेण्यापूर्वी मोजायचे. मायक्रोसॉफ्टने दुरुस्तीत तेच केले. पण १९८८ च्या मॉरिस किड्यानेही असाच एक न मोजलेला मजकूर वापरला होता. पाचशे बारा अक्षरांच्या जागेत त्याने पाचशे छत्तीस घातली होती. म्हणजे धडा समोर असून सतरा वर्षे उलटली होती.

यूजनेट आता म्हातारे झाले. ड्यूक विद्यापीठानेच २०१० मध्ये आपला यूजनेट संगणक बंद केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुगलनेही आपल्या गटांतून यूजनेटची नवी देवघेव थांबवली. मग हा रोगही इतिहासजमा झाला असेल, असे वाटेल. तसे झालेले नाही.

डिसेंबर २०२१ मधले 'लॉग-फोर-जे'चे प्रकरण पाहा. ही जावा भाषेतील आज्ञावल्यांसाठीची नोंदवही. आत काय आले, कोणी काय केले, एवढे लिहून ठेवणे हे तिचे काम. आपल्या शाखेत आवक-जावक रजिस्टर असते, तसेच. पण नोंदवायच्या ओळीत एक विशिष्ट सांकेतिक रचना आढळली की, ही वही ती ओळ नुसती लिहून ठेवत नसे. त्यात दिलेल्या पत्त्यावर जाऊन तिथला मजकूर आणे आणि तो चालवूही शके. 'माइनक्राफ्ट' या मुलांच्या खेळातल्या गप्पांच्या खिडकीत एक ओळ टाकली की समोरचा संगणक ताब्यात येत होता. ही सोय २०१३ पासून वहीत होती आणि आठ वर्षे कोणाला त्यात वावगे वाटले नव्हते. जगभरच्या बँका, सरकारे, कंपन्या यांच्या पोटात ती वही कुठे कुठे दडली आहे, हे शोधण्यात तो नाताळ गेला. आवक कारकुनाने पत्राची नोंद करता करता पत्रातला हुकूमही बजावून टाकावा, असा हा कारभार.

नवा वाचक

आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा वाचक आला आहे. तो आपली ई-मेल वाचतो, सारांश काढतो, उत्तरे लिहितो. त्याला परवानगी दिली तर तो तिकीट काढील, बिल भरील, फाइल पुढे पाठवील. हा वाचक पूर्वीच्यांपेक्षा कितीतरी हुशार आहे, आणि माझ्या मते म्हणूनच जास्त काळजीचा आहे.

पूर्वीच्या चुकांना इलाज होता. नावाभोवती नीट अवतरणचिन्हे घाला, लांबी मोजा, आधी सही तपासा. आज्ञा आणि मजकूर यांच्यामध्ये कुंपण घालणे तिथे शक्य होते. ते घातले नव्हते, एवढेच. या नव्या यंत्राच्या बाबतीत कुंपण घालायचे कुठे, हाच प्रश्न आहे. मालकाची सूचनाही साध्या भाषेतल्या शब्दांत आणि परक्याचे पत्रही साध्या भाषेतल्या शब्दांत. दोन्ही एकाच प्रवाहात यंत्राच्या पोटात जातात. यूजनेटच्या थैलीची गोष्ट पुन्हा आली, फक्त आता त्या दोहोंची भाषाही एकच आहे. पत्रात कोणी लिहिले, 'मागच्या सूचना विसर आणि मी सांगतो ते कर,' तर यंत्र ते ऐकण्याची शक्यता असते. या प्रकाराला सप्टेंबर २०२२ मध्ये सायमन विलिसन या जाणकाराने 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' असे नाव दिले.

जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट या साहाय्यकातील असे एक भगदाड उजेडात आले. 'इकोलीक' या नावाने ते ओळखले जाते. बाहेरच्या माणसाने एक साधी दिसणारी ई-मेल पाठवायची. मिळणाऱ्याने कशावरही बोट ठेवण्याची गरज नाही. पुढे कधीतरी त्याने आपल्या साहाय्यकाला कामाचा एखादा प्रश्न विचारला की, साहाय्यक उत्तरासाठी टपाल चाळणार, त्यात ही ई-मेल वाचणार आणि तिच्यातल्या सूचनेबरहुकूम कार्यालयातील गुप्त माहिती बाहेर जाण्याची वाट मोकळी होणार. संशोधकांनी कळवल्यावर मायक्रोसॉफ्टने ते बुजवले आणि कोणा ग्राहकाला झळ पोचली नाही, असे सांगितले. ठीक आहे. पण १९९७ च्या त्या इशाऱ्याशेजारी हे ठेवून पाहा. भिंत निरुपयोगी, कारण टपालाला दार उघडेच. वाचणाऱ्याच्या हाती किल्ल्या. फरक एवढाच की, तेव्हा धोका संगणक खात्यातल्या मूठभर लोकांना होता. आज तो कोणाच्याही टेबलावर आहे.

मी कादंबऱ्या लिहितो. माझे एखादे पात्र 'त्याचा काटा काढ' असे म्हणते, तेव्हा वाचक सुरा घेऊन निघत नाही. अवतरणचिन्हात कोण बोलतो आहे, कोणाशी बोलतो आहे, हे त्याला कळते. वाचनसंस्कृती म्हणतात तिच्या मुळाशी हीच समज आहे: मी हे वाचले, म्हणून मी ते मानलेच असे नाही. या समजेची खात्रीलायक हमी अजून कोणत्याही यंत्राने दिलेली नाही.

यात पैसे कोणाचे जातात, हे महत्त्वाचे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला आपण विसरलेलो नाही. त्याचे तंत्र वेगळे होते. चोरांनी बँकेच्या यंत्रणेऐवजी स्वतःची बनावट यंत्रणा उभी करून एटीएमच्या विचारणांना परस्पर 'हो' म्हणवून घेतले आणि दोन दिवसांत, अठ्ठावीस देशांतून, परदेशी खात्यावर वळवलेली रक्कम धरून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. पण धडा तोच. यंत्राने यंत्राला 'हो' म्हटले आणि मधे कोणी टेस्ट घेतली नाही.

सामान्य खातेदाराच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात एक चांगले तत्त्व घालून दिले. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर बोजा नाही. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर. मात्र ग्राहकाने स्वतःच्या हलगर्जीपणाने परवलीचा शब्द दिला, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. आता सांगा, उद्या माझ्या फोनमधल्या साहाय्यकाने एक संदेश वाचला आणि त्यातल्या हुकमाने पैसे पाठवले, तर हलगर्जी कोणाची? माझी, कारण मी परवानगी दिली? साहाय्यक बनवणाऱ्या कंपनीची? की विचारणा न करता व्यवहार होऊ देणाऱ्या बँकेची? या प्रश्नाचे उत्तर पहिला मोठा घोटाळा होण्याआधी लिहून ठेवले पाहिजे. घोटाळा झाल्यावर ते खातेदाराच्या विरुद्ध लिहिले जाते, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

दुरुस्तीचा मार्गही बँकेच्या जुन्या शिस्तीतच आहे. व्हाउचर लिहिणारा आणि ते पास करणारा, ही दोन माणसे वेगळी हवीत. परक्याचे टपाल वाचणाऱ्या यंत्राच्या हाती पैशांच्या वा गुप्त कागदांच्या किल्ल्या नकोत. ज्याच्या हाती किल्ल्या आहेत, त्याने परक्याचे टपाल वाचू नये. आणि पैसा हलण्यापूर्वी एका माणसाने विचारले पाहिजे, हे कोणी सांगितले? याने काम हळू होईल, काउंटरशी गिऱ्हाईक ताटकळेल, दिवाळीच्या आदल्या दिवशी बोलणीही खावी लागतील. ती खावीत.

आमचे मॅनेजरसाहेब आता हयात नाहीत. तो लेखी खुलासा मात्र बहुधा एखाद्या फाइलीत पिवळा पडत असेल. त्यात मी शेवटी लिहिले होते, 'यापुढे टेस्ट जुळल्याखेरीज कोणतीही तार हुकूम समजणार नाही.' नव्या यंत्रांकडून आणि ती आपल्या गळ्यात घालणाऱ्यांकडून निदान एवढे एक वाक्य लिहून घ्यायला काय हरकत आहे?